त्रिरश्मीची दुसरी सहल

आमच्या वसाहतीतील मंडळी २०२४ च्या फेब्रुवारीत एका रविवारी त्रिरश्मी लेण्यांना पुन्हा जाऊन आली. पुन्हा म्हणण्याचे कारण असे की, जवळजवळ हीच मंडळी सव्वा वर्षापूर्वी ही लेणी पाहून आली होती. नाशिकला पाहण्यासारखे एवढे असताना त्याच पायऱ्या दुसऱ्यांदा कशाला चढलात, असे आम्हांला अनेकांनी विचारले. त्याचे खरे उत्तर आमच्या एका चुकीत आहे. ती चूक सांगताना संकोच वाटतो. पण हल्ली प्रत्येक कुटुंब सहलीला जाते, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, आणि आमच्यासारखी चूक उद्या कोणाच्याही हातून होईल. म्हणून सहलीच्या वर्णनाबरोबर तीही सांगतो.

सत्तावीस जणांचा एक पेन ड्राइव्ह

२०२२ च्या ऑक्टोबरात, येवल्याची १३ तारखेची गर्दी ओसरल्यानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही सत्तावीस जण मिनीबस करून निघालो होतो. पहिल्या दिवशी सकाळी त्रिरश्मी लेणी आणि दुपारी पंचवटी. जेथे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो काळाराम मंदिराचा परिसर मुलांना दाखवला. दुसऱ्या दिवशी येवला. नाशिकहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा रस्ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जेथे धर्मांतराची घोषणा केली, ती मुक्तिभूमी. मंडळींजवळ नऊ मोबाईल आणि दोन कॅमेरे होते. फोटोंना तोटा नव्हता.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच तीन-चार मोबाईल भरले. "भाऊसाहेब, आता उद्या येवल्याला काय करायचं?" असे विचारत बायामाणसे आमच्याकडे आली. आम्ही कचेरीत कारकून. कागद लावून ठेवणे हाच आमचा धंदा. सगळ्यांचे फोटो एका जागी ठेवले म्हणजे घोळ होणार नाही, असा विचार करून आम्ही ते रात्री बसून आमच्या पेन ड्राइव्हमध्ये उतरवले आणि जागा व्हावी म्हणून मोबाईल व कार्डे रिकामी करून दिली. दुसऱ्या रात्री येवल्याचे फोटोही त्यातच घातले. पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो लावला, तर पडद्यावर एवढेच आले: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा. पुन्हा लावला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. नंतर नंतर तर तो दिसेनासाच झाला. दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. आतली चिप गेली, काही निघणार नाही, असे त्यांनी सांगितले. वॉरंटी शिल्लक होती. वॉरंटीत पेन ड्राइव्ह नवा मिळाला. तो कोरा होता.

वसाहतीत कोणी आम्हांला वेडेवाकडे बोलले नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. आमच्या शेजारी एक नाना राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील निफाड तालुक्यातून येवल्याच्या परिषदेला पायी गेले होते, असे ते नेहमी सांगतात. त्या वडिलांचा एकही फोटो घरात नाही. म्हणून नानांनी त्या सहलीत दोन फोटो मुद्दाम काढून घेतले होते. एक त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्याच्या खांबाशी काठी टेकून, आणि दुसरा मुक्तिभूमीवर. दोन्ही गेले. नाना म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब. मी गेलो होतो हे तुम्हांला ठाऊक आहे ना?" थोडे थांबून म्हणाले, "पण नातवाला काय दाखवू?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

आपल्या बहुतेक घरांतील हीच स्थिती आहे. पणजोबांचा फोटो नाही. आजोबांचा असलाच तर कोणाच्या लग्नातल्या गर्दीत, मागच्या रांगेत अर्धा चेहरा. फोटो काढायला पैसे नव्हते आणि स्टुडिओत जाण्याचे प्रसंगही आले नाहीत. आज काढायला पैसे पडत नाहीत. पण काढलेले सांभाळण्याची रीत आपण अजून अंगी लावलेली नाही.

दहाव्या लेण्यातील हिशेब

तर या दुसऱ्या सहलीविषयी. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत हा डोंगर आहे. लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' हे नाव बसले असले तरी पांडवांचा येथे काही संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी आहेत, आणि शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असेच येते. सकाळी लवकर चढावे. वर पोहोचेपर्यंत दम लागतो, पण लेण्यांची तोंडे उत्तरेकडे असल्याने सावली मिळते.

अठरावे लेणे चैत्यगृह आहे. त्याच्या दारावर, नाशिककरांच्या धंभिक गावाने हे दान दिले, असा लेख आहे. राजाचे नाव नाही, एका गावाचे आहे. तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचे. एका आईने आपल्या मुलाचा पराक्रम दगडावर लिहून ठेवला, म्हणून आज तो आपल्याला माहीत आहे. महिला मंडळातील भगिनी तेथे बराच वेळ उभ्या होत्या.

आमचे मन मात्र दहाव्या लेण्यात अडकले. हे क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने कोरवले. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत त्याचे लेख आहेत. आम्हांला ब्राह्मी वाचता येत नाही. छापील भाषांतर बरोबर नेले होते. बी. कॉम. झालेल्या माणसाने तो लेख वाचावाच. त्यात लिहिले आहे ते असे: उषवदाताने संघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. आणि एक हजार विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आम्ही तेथेच हिशेब केला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. मेळ बरोबर जमला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद, आणि एका कार्षापणाची चूक नाही!

त्यात दोन गोष्टी आमच्या लक्षात आल्या, आणि त्यांनीच आमचे कान उपटले. एक म्हणजे, दात्याने सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवली नाही. एका श्रेणीकडे व्याज जास्त मिळत असूनही काही रक्कम दुसरीकडे ठेवली. त्याच्या मनातले कारण लेखात नाही. पण एक श्रेणी अडचणीत आली तरी दुसरी राहावी, एवढा उपयोग तर उघडच आहे. दुसरी गोष्ट लेखाच्या शेवटी येते. हे सर्व निगमसभेत जाहीर वाचून दाखवले आहे आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले आहे, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे दानपत्र फलकांवरही होते आणि डोंगराच्या दगडावरही. ते फलक आज कोठेच नाहीत. दगडावरचे मात्र आपण वाचतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी या लेखांचे ठसे आणि नकला घेतल्या. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचलेले हे लेख १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या नाशिक खंडात छापले गेले. फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी नंतर ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात पुन्हा तपासून प्रसिद्ध केले. आता दगड झिजला तरी मजकूर देशोदेशींच्या ग्रंथालयांत आहे.

आणि आम्ही काय केले होते? सत्तावीस माणसांचे दोन दिवस एका बोटाएवढ्या वस्तूत घातले आणि मूळ प्रत स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

पूर्वी चूक का होत नव्हती

आमच्या तरुणपणी रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. धुऊन आणल्यावर छापील फोटो पाहुण्यांत वाटले जात आणि निगेटिव्हची पट्टी आपल्या पेटीत राही. कोणी न सांगताच दोन प्रती, दोन ठिकाणी होत असत.

१९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने रोलशिवाय चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. तो साडेतीन किलोंहून जड होता, आणि एक फोटो साध्या कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. म्हणजे फोटो ठेवायचा कशावर, हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याच्या जन्मापासूनचा आहे. नंतर सीडी आली, तिच्यावर सातशे एमबी मावत. डीव्हीडीवर ४.७ जीबी मावू लागले. आज ती तबकडी वाचणारे यंत्रच नव्या संगणकांत मिळत नाही. ज्यांच्या कपाटात लग्नाच्या सीडी आहेत, त्यांनी त्या वेळीच दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

कोणते साधन कशासाठी

पहिल्या सहलीनंतर आमच्या पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या कन्येने आम्हांला समोर बसवून ही साधने समजावून सांगितली. तिने सांगितले त्यावर आम्ही स्वतः वापरून पाहिले. घरगुती भाषेत ते असे आहे.

आधी जागेचा अंदाज करावा. साध्या मोबाईलचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. म्हणजे दोनशे फोटो एक जीबीच्या आत बसतात. जागा खातात त्या चित्रफिती. फुल एचडीची एक मिनिटाची चित्रफीत शंभर एमबीच्या आसपास जाते, आणि 'फोर के' ठेवले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. सहलीला निघण्यापूर्वी मोबाईलमधील ही मांडणी पाहून घ्यावी. घरच्या सहलीला 'फोर के'ची गरज नसते.

मेमरी कार्ड: नखाएवढे, स्वस्त. कॅमेऱ्याला लागतेच, काही मोबाईलमध्ये अजून जागा असते, पुष्कळ नव्या मोबाईलमध्ये नसते. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान घ्यावीत. एक हरवले तरी दुसऱ्यावरचे वाचते. ६४ जीबीचे कार्ड संगणकात ५९.६ जीबी दिसते. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक एक हजार चोवीसने. मात्र फारच स्वस्तात फार मोठे कार्ड मिळत असेल तर सावध राहावे. बाहेर ५१२ लिहिलेले आणि आत सोळाच जीबी, अशी बनावट कार्डे व पेन ड्राइव्ह बाजारात असतात. ती फोटो घेतल्यासारखे दाखवतात आणि नंतर उघडत नाहीत. म्हणून नवीन साधन सहलीपूर्वी पूर्ण भरून, उघडून पाहून, मग रिकामे करून न्यावे.

पेन ड्राइव्ह: आता दोन तोंडांचे मिळतात. एक तोंड मोबाईलच्या टाइप-सी खाचेत बसते, दुसरे संगणकात. संगणक बरोबर न नेता मोबाईलमधून सरळ फोटो उतरवता येतात, ही मोठी सोय. काही मोबाईलमध्ये त्यासाठी 'ओटीजी' नावाची कळ चालू करावी लागते. फोटो इकडून तिकडे नेण्यास हे साधन उत्तम. कायम ठेवण्यास नव्हे. किल्ल्यांच्या जुडग्यात तर कधीच नको.

पोर्टेबल हार्ड डिस्क: दर जीबीला पाहिले तर पोर्टेबल साधनांत ही स्वस्त. पण तिच्या आत तबकडी फिरत असते. चालू असताना धक्का बसला किंवा पडली तर तबकडीवर ओरखडा उठू शकतो. तिला वीजही जास्त लागते, ती प्रत्येक मोबाईल पुरवू शकत नाही. म्हणून ही घरी, टेबलावर ठेवण्याची वस्तू समजावी. एसटीच्या धक्क्यांत नेण्याची नव्हे.

एसएसडी: हिच्यात फिरणारे काही नसते. शंभर ग्रॅमपेक्षाही हलकी मिळते, लवकर भरते, धक्का सोसते. किंमत हार्ड डिस्कपेक्षा बरीच जास्त. एका कुटुंबाला परवडली नाही तर चार कुटुंबांनी वर्गणी काढून मंडळाची एक घ्यावी. आम्ही तसेच केले. मात्र ही वर्षानुवर्षे कपाटात तशीच ठेवू नये. वीज मिळाली नाही तर आतील नोंद हळूहळू विरू शकते. वर्षातून एक-दोनदा जोडून पाहावी.

क्लाउड: म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर ठेवणे. गूगल फोटोजमध्ये पूर्वी किंचित दाबलेले फोटो कितीही फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. आता मेल, कागदपत्रे आणि फोटो मिळून पंधरा जीबी फुकट, पुढे पैसे. पुरात, चोरीत किंवा आगीत घरातले सर्व गेले तरी हे राहते, हा मोठा गुण. पण पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि घरातील दुसऱ्या एका माणसाला माहीत असावा.

व्हॉट्सअॅप हे फोटो ठेवण्याचे साधन नाही. त्यावरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. मोबाईलवर बरा दिसतो, मोठा छापला की फाटतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ आकारात जातो.

आणखी दोन गोष्टी, ज्यांनी पुष्कळ जण अडतात. काही वायरींनी फक्त चार्जिंग होते, फोटो जात नाहीत. निघण्यापूर्वी वायर तपासावी. आणि साधन कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेले आहे ते पाहावे. 'फॅट ३२' असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक चित्रफीत त्यात बसत नाही. 'एनटीएफएस' असेल तर अनेक मोबाईल ते वाचत नाहीत. 'एक्सफॅट' बहुतेक ठिकाणी चालते.

अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम जगभर पाळला जातो. तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. आम्हांला तो नियम दहाव्या लेण्यातील लेखापेक्षा फार निराळा वाटला नाही.

पायथ्याशी चहा आणि नोंदवही

खाली उतरल्यावर पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशिकातच वारलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्या चित्रपटाची चार रिळे होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे एवढीच आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. डोंगरावर एकोणीसशे वर्षांचा हिशेब शाबूत, आणि पायथ्याशी शंभर वर्षांपूर्वीची दोन रिळे नाहीत. मुलांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी आपापले मोबाईल जरा जपून धरले.

मग एका टपरीवर चहा घेत आम्ही या वेळची पद्धत सुरू केली. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "कार्यालयातली वही इथं पण आणलीत!" वही आणली होतीच. तिच्यात रकाने पाडले होते: अनुक्रम, मोबाईल कोणाचा, किती फोटो, एसएसडीत किती, पेन ड्राइव्हमध्ये किती. कन्येने एकेक मोबाईल जोडून फोटो उतरवायचे, वसाहतीतील एका निवृत्त गुरुजींनी मोजायचे, आम्ही लिहायचे. मोबाईलमधले काहीच पुसायचे नाही, हा पहिला नियम.

एका ताईंच्या मोबाईलचा मेळ लागेना. मोबाईल सांगत होता एकशे त्रेचाळीस, उतरले एकशे एकोणचाळीस. पूर्वीचे आम्ही असतो तर "चारच तर आहेत" म्हणून पुढे गेलो असतो. शोधले तेव्हा कळले की, कार्ड बसवण्यापूर्वी काढलेले पहिले चार फोटो मोबाईलच्या आतच राहिले होते आणि बाकीचे कार्डावर होते. ते चार उतरवले आणि मगच पुढचा मोबाईल घेतला. शेवटी एकंदर सहाशे बारा फोटो आणि एकोणीस चित्रफिती झाल्या. प्रत्येकाचे दोन-तीन फोटो उघडून पाहिले. साधन काढण्यापूर्वी 'इजेक्ट' केले, सरळ ओढले नाही.

एसएसडी कन्येच्या पिशवीत, पेन ड्राइव्ह गुरुजींच्या डब्याच्या पिशवीत. दोघे मुद्दाम वेगळ्या वाहनांत बसले. घरी आल्यावर सर्व फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ती आमच्या मेहुण्यांकडे मनमाडला ठेवायला दिली. मोबाईल रिकामे करण्याची परवानगी त्यानंतरच्या रविवारी दिली. एवढ्या सगळ्याला वेळ किती लागला? पायथ्याशी पाऊण तास आणि घरी एक संध्याकाळ.

कोणाच्या हातून फोटो चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डात पुढे एकही नवीन फोटो काढू नये. पुसलेले फोटो नव्याने त्यावर काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा परत मिळू शकतात. आमच्यासारखी आतील चिपच गेली, तर मात्र खर्च फार आणि खात्री नाही.

नाना या वेळी वर आले नाहीत. सव्वा वर्षात गुडघे गेले. खाली पायरीवर बसून राहिले, आणि आम्ही उतरून येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना पायऱ्या किती उरल्या ते सांगत होते. दहाव्या लेण्याच्या खांबाशी काठी टेकून उभे असलेल्या नानांचा फोटो आता कधीच निघणार नाही. ते नुकसान आमच्या नावावर कायम राहील. पायरीवर बसलेल्या नानांचा, मागे डोंगर दिसेल असा फोटो कन्येने काढला. आम्ही तो कागदावर छापून घेतला. कागदाला वायर लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. सहलीतले निवडक दहा फोटो प्रत्येक घराने छापून घ्यावेत, असे आम्ही तेव्हापासून सर्वांना सांगत असतो.

फोटो द्यायला गेलो तेव्हा नानांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारले, "भाऊसाहेब, हा आणखी कुठं कुठं ठेवलाय?"

आम्ही ठिकाणे सांगितली. मंडळाच्या एसएसडीत, गुरुजींकडे, मनमाडला, आणि त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर, डॉक्युमेंट म्हणून.

"चार झाली," नाना म्हणाले. "पुढच्या महिन्यात येवल्याला नेता का? तिथं पायऱ्या चढाव्या लागत नाहीत."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांना येवल्याला नेऊन आणले. वाचक बंधू-भगिनींनीही आपल्या घरातील वडीलधारी माणसे चालती-फिरती आहेत तोवर त्यांना हिंडवून आणावे. आणि आजच रात्री जेवणानंतर अर्धा तास काढून मोबाईलमधील फोटोंची दुसरी एक प्रत करून ठेवावी.